नाव नसलेली बोली : वाळवा-शिराळ्याची मराठी प्रमाणाकडे कशी सरकते

वऱ्हाडीला नाव आहे, अहिराणीला आहे, मालवणीला आहे. ही नावे उच्चारली की ऐकणाऱ्यासमोर एक मुलूख उभा राहतो, आणि त्या बोलीत बोलणाऱ्याला आपण काही वेगळे बोलतो याची जाणीव असते. मालवणीने तर ‘वस्त्रहरण’सारख्या नाटकातून मुंबईच्या रंगभूमीवर आपला हक्क सांगितला. इस्लामपूरच्या बाजारपेठेत, वाळव्याच्या मळ्यांत, वारणाकाठच्या गावांत आणि चांदोलीकडे चढत जाणाऱ्या शिराळ्याच्या डोंगरकपारीत जी मराठी बोलली जाते, तिला मात्र असे नाव नाही. पूर्वेला आटपाडीकडे गेले की ‘माणदेशी’ सुरू होते आणि वारणा ओलांडून दक्षिणेला उतरले की ‘कोल्हापुरी’. मधल्या पट्ट्यातल्या लोकांना तुम्ही कोणती बोली बोलता असे विचारले, तर ते साधी मराठी म्हणतात, किंवा थोडे संकोचून गावठी म्हणतात. या प्रस्तावनेचा विषय ही नाव नसलेली बोली आहे आणि गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ती प्रमाण मराठीकडे कशी सरकत आली हा आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे: ही बोली सरसकट मरत नाही आणि सरसकट सुधारतही नाही, ती एकेक लकब निवडून सोडते, आणि कोणती लकब सोडायची याचा निर्णय व्याकरण किंवा सोय करत नाही, लाज करते.

नाव का नाही, याचे उत्तर प्रमाण मराठीच्या जन्मात आहे. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, मेजर कँडीच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तके तपासली जाऊ लागली, १८५५ नंतर सरकारी शिक्षणखात्याने ती गावोगाव नेली आणि १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती बाहेर पडली. या साऱ्या खटाटोपातून जी भाषा लेखनासाठी मुक्रर झाली, तिचा पाया पुण्याच्या शिष्ट, मुख्यतः ब्राह्मण वर्गाच्या बोलण्यात होता. पुढे १९०५ साली ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड प्रसिद्ध झाला. त्यात देशावरच्या मराठीचा एकच मोठा गट धरला गेला आणि तोच प्रमाणाचा आधार मानला गेला. सातारा जिल्हा या गटात आपोआप बसला, आणि आजचा वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यातच होता; सांगलीचा जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि त्याला आजचे नाव १९६० मध्ये मिळाले. अशा रीतीने कृष्णा-वारणेचा प्रदेश नकाशावर प्रमाण भाषेच्या घरातच राहिला. मालवणी किंवा अहिराणी ऐकणारा पुणेकर म्हणतो, ही वेगळी भाषा आहे. वाळव्याचा शेतकरी बोलू लागला की तोच पुणेकर म्हणतो, याला नीट बोलता येत नाही. अंतर कमी असल्यामुळे फरक हा फरक म्हणून दिसतच नाही, चूक म्हणून दिसतो. जनगणनेनेही यात भर घातली. २०११ मध्ये मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक मोजले गेले, पण त्यांपैकी कोण पुण्यासारखे बोलतो आणि कोण वाळव्यासारखे, याची नोंद त्या आकड्यात नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याची घटही दिसत नाही.

मग ही बोली म्हणजे नुसत्या चुकांची रास आहे का? तिची काही रूपे जवळून पाहिली की हा समज टिकत नाही. ‘पोर’चे ‘प्वार’, ‘गोड’चे ‘ग्वाड’, ‘पोट’चे ‘प्वाट’, ‘तेल’चे ‘त्याल’ होते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि नकला करणाऱ्यांना तेवढेच ठाऊक असते. पण ‘प्वार’ म्हणणारा माणूस अनेकवचनात ‘पोरं’च म्हणतो, आणि ‘प्वाट दुखतंय’ म्हणणारा ‘पोटात दुखतंय’ असेच म्हणतो. म्हणजे स्वर कुठे फुटायचा आणि कुठे नाही, याला नियम आहे. तो कोणी शिकवत नाही, तरी चार वर्षांचे पोर तो चुकवत नाही. चुकवतो तो नकला करणारा. शब्दारंभी इ-ए या स्वरांपूर्वीचा ‘व’ जातो किंवा ‘य’ होतो, म्हणून ‘विळा’चा ‘इळा’, ‘विहीर’ची ‘हीर’, ‘वेळ’ची ‘येळ’. अनेकवचनी चतुर्थीला ‘स्नी’ लागतो: ‘पोरास्नी’, ‘त्यास्नी’, ‘आमास्नी’. हेतू सांगताना ‘जेवाय बसलो’, ‘बघाय आलो’ असे आटोपशीर रूप येते. आदरार्थी क्रियापदाला ‘सा’ जोडला जातो: ‘कवा आलासा?’, ‘कुठं निघालासा?’ प्रमाण मराठीत ‘तुम्ही आलात’ मधला ‘त’ जे काम करतो तेच काम हा ‘सा’ करतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात जवळीक आणि मान दोन्ही लागतात. ‘म्या केलं’, ‘त्वा सांगितलंस’ ही रूपे तर जुन्या मराठीची थेट वारस आहेत. ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही रूपे एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांत रीतसर दिलेली होती. पुढे शिष्ट बोलण्यातून ती गळाली, खेड्यात राहिली, आणि राहिल्याबद्दल अशुद्ध ठरली. ‘काय गा’ मधला ‘गा’ महानुभावांच्या गद्यात सापडतो. अशी बोली प्रमाण भाषेचा बिघडलेला अवतार नसते. अनेक ठिकाणी ती प्रमाण भाषेहून जुनी आणि अधिक चिवट असते. भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकरांनी साठ वर्षांपूर्वी मराठी वाचकांना हेच समजावले होते, की प्रमाण भाषा ही इतर बोलींसारखी एक बोली आहे आणि तिचे श्रेष्ठत्व सामाजिक आहे, भाषिक नाही.

लाज हा शब्द मी सहज वापरलेला नाही. तिला इतिहास आहे आणि त्याचा एक धागा याच मुलखातून जातो. महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. त्यांच्या लेखनातला विचार खोडणे अवघड होते, म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणावर आणि भाषेवर हल्ला केला. शुद्धलेखन हे वादातले हत्यार होऊ शकते, हा धडा महाराष्ट्राला तिथून मिळाला आणि पुढे प्रत्येक पाटीवर, प्रत्येक वहीत तो गिरवला गेला. याच्या उलट दिशेने आलेला प्रवाह शिक्षणाचा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ज्यांच्या घरात कधी पुस्तक शिरले नव्हते त्यांची मुले वसतिगृहांत एकत्र आली. पुढे कासेगावसारख्या गावांत स्थानिक शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि इस्लामपूर महाविद्यालयांचे गाव झाले. या शाळांनी बहुजनांना लिहिते केले, हे त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण लिहिणे शिकवताना त्यांच्या हाती जे पुस्तक होते, ते पुण्याच्या भाषेत होते, आणि मुलाने तोंडाने आणलेली भाषा त्या पुस्तकात कुठेही नव्हती. ‘पानी’ लिहिले की तांबडी खूण, ‘येळ’ लिहिली की तांबडी खूण. या खुणेमागे बहुतेक वेळा गुरुजींची माया होती, कारण गुरुजी स्वतः त्याच गावचे, तीच वाट चाललेले होते. पण मुलाच्या मनात जे उतरले ते असे: माझी आई चुकीचे बोलते.

शाळेबरोबर इतर शक्तीही आल्या आणि त्यांचा क्रम समजून घेतला पाहिजे, कारण सगळा दोष एकट्या गुरुजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. इथली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि तिथे ‘घाटी’ हा शिक्का खाऊन परतली. सहकाराने साखर कारखाने, बँका, दूधसंघ आणि उपसा जलसिंचन योजना उभ्या केल्या. त्यांच्या सभा, इतिवृत्ते, अहवाल आणि बिले प्रमाण मराठीत निघू लागली, आणि शेतकऱ्याला पहिल्यांदाच आपल्या पोटापाण्याचा व्यवहार त्या भाषेत वाचावा लागला. आकाशवाणीचे सांगली केंद्र आले, मग दूरदर्शन आले. १९६४ च्या राजभाषा कायद्याने मराठीला राज्याच्या कारभारात बसवले, १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन होऊन सबंध राज्याला एकच पाठ्यपुस्तक मिळाले. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद झाला, पेठनाक्यावरून पुणे काही तासांवर आले, आणि इस्लामपूरच्या प्रत्येक गल्लीतले कोणी ना कोणी पुण्यात नोकरीला राहू लागले. अशा स्थितीत बोली सरकणे अटळ होते. खरा प्रश्न असा, की ती सरकताना काय सुटले आणि काय उरले.

इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, ती आधी सोडवली पाहिजे. बोलीतले शब्द गेले अशी हळहळ ऐकू येते तेव्हा बहुधा मोटेची, गुऱ्हाळाची, जुन्या अवजारांची नावे समोर असतात. थारोळे, धाव, नाडा हे शब्द मोट गेली म्हणून गेले. विजेची मोटार बसली, पाइपलाइन आली, आता थारोळ्यात पाणी पडत नाही आणि बैल धावेवर चालत नाहीत. हे प्रमाणीकरण नव्हे. वस्तूबरोबर तिचे नाव जाते, तसे ते पुण्यातही जाते. उलट पुरावा पाहायचा तर भांगलणीचा पाहावा. तण काढण्याच्या कामाला कृषी खात्याची पत्रके आंतरमशागत म्हणोत की खुरपणी, वाळव्यातल्या बायका आजही भांगलायलाच जातात, कारण काम शिल्लक आहे आणि ते करणाऱ्यांनी त्याचे नाव सोडण्याचे कारण नाही. लागण, खोडवा, चिपाड, चुलवाण, काहील हे शब्दही ऊस आणि गूळ आहे तोवर राहतील. एवढेच नव्हे, ऊसतोडीच्या टोळीपासून कारखान्याच्या काट्यापर्यंत नवे शब्दही तयार होत आले आहेत. शब्दसंग्रह हा बोलीचा सर्वांत दिसणारा भाग असला, तरी ती प्रमाणाकडे किती सरकली हे त्यावरून मोजता येत नाही. ते मोजायचे तर उच्चार आणि व्याकरण पाहावे लागते.

उच्चार आणि व्याकरणात सुटलेल्या आणि उरलेल्या गोष्टी शेजारी मांडल्या की एक रचना दिसू लागते. शिकलेल्या माणसाच्या बोलण्यातून सर्वांत आधी ‘ण’च्या जागचा ‘न’ जातो, मग ‘येळ’, ‘इळा’, ‘हीर’ जातात, ‘प्वार’ आणि ‘त्याल’ जातात, ‘म्या’ जातो. कोल्हापूर भागात आणि त्याला लागून असलेल्या गावांत बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलत आल्या. ही रूढी शाळा-कॉलेजात गेलेल्या मुली झपाट्याने टाकतात, कारण बाहेरगावच्या माणसाला ती पहिल्या वाक्यात खटकते आणि तो हसतो. याउलट ‘आलासा’, ‘बसा की’, ‘लई’, ‘न्हवं’ ही रूपे वकिलाच्या, प्राध्यापकाच्या, संचालकाच्या तोंडीही सहज ऐकू येतात. वाक्याची चढउतार, शेवटच्या स्वरावर दिलेला हेल, ‘की’ आणि ‘न्हवं’ने साधलेले आर्जव किंवा ठामपणा हे तर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरांतही तसेच आहे. ‘ण’चा ‘न’ सोडणे सोपे आणि ‘आलासा’ सोडणे अवघड, असे काही जिभेला वाटत नाही. फरक आहे तो असा, की पहिल्या गटातली प्रत्येक गोष्ट पाटीवर अक्षराने लिहिता येते, म्हणून तपासता येते, म्हणून तिच्यावर खूण करता येते. आणि ती अडाणीपणाची निशाणी म्हणून ठरून गेलेली आहे. दुसऱ्या गटातल्या गोष्टी लेखनात येतच नाहीत, किंवा आल्या तरी त्यांच्याशी मान आणि आपुलकी जोडलेली आहे. ‘आलासा’ म्हणून कोणी कोणाला कमी लेखत नाही. उलट न म्हटले तर माणूस पुण्याला जाऊन फुगला असे गाव म्हणते.

ही रचना आपल्यापुरतीच आहे असेही नाही. स्पेनच्या दक्षिणेतल्या आंदालुसिया प्रांतात नेमके असे घडले आहे. तिथल्या बहुतेक भागांतल्या पारंपरिक स्पॅनिशमध्ये ‘स’ आणि दातांत जीभ धरून केलेला ‘थ’सारखा ध्वनी यांचा भेद नव्हता, माद्रिदच्या प्रमाण भाषेत तो आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालागा, ग्रानादा यांसारख्या शहरांत शिकलेले तरुण, आणि त्यांतही तरुणी, हा भेद करू लागले. तो भेद लेखनात दिसतो आणि तो न करणे खेडवळ समजले जाते. पण शब्दाच्या शेवटचा ‘स’ गाळण्याची किंवा तो श्वासात विरवण्याची तिथली सवय मात्र याच शिकलेल्या लोकांनी सोडलेली नाही, कारण प्रांतातल्या सर्व थरांत ती चालते आणि तिची लाज कोणाला वाटत नाही. परिणामी आंदालुसियाची भाषा माद्रिदची झाली नाही. प्रमाणाकडे अर्धी वाट चाललेली, पण आपल्या प्रांताची खूण बाळगणारी एक मधली भाषा तयार झाली. कृष्णाकाठी हेच होत आहे. इस्लामपूरचा शिकलेला माणूस पुण्याची मराठी बोलत नाही. तो कराड-इस्लामपूर-कोल्हापूर पट्ट्याची एक नवी, शहरी, ‘पाणी’ म्हणणारी पण ‘आलासा’ न सोडणारी मराठी बोलतो.

जाणीव आणि बदल यांचे नाते दाखवणारा आणखी एक पुरावा याच जिल्ह्यात आहे आणि तो जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास करून १९७१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षे शेजारी नांदत होत्या. त्यांना असे आढळले की या तिन्हींची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की एकीतले वाक्य शब्दागणिक शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले जपले आहेत. पुढे या निष्कर्षांची फेरतपासणी आणि चिकित्साही झाली, आणि आजचे कुपवाड महानगरपालिकेत सामावलेले औद्योगिक गाव आहे. तरी त्या अभ्यासाने दाखवलेली मुख्य दिशा माझ्या मुद्द्याला उपयोगी पडते: माणसे ज्या गोष्टीला आपली ओळख मानतात ती धरून ठेवतात, आणि ज्याची जाणीवच नसते ते नकळत वाहत राहते. कुपवाडात शब्द अभिमानाने धरले गेले. वाळव्यात उच्चार शरमेने सोडले गेले. दोन्हीकडे कारण एकच आहे, लोकांनी त्या लकबीला दिलेला अर्थ.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की साहित्याने ही बोली अमर केली आहे, मग चिंता कशाला? या मातीने मराठीला मोठे लेखक दिले हे खरेच आहे. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे. शंकर पाटील, आनंद यादव शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचे. पण त्यांच्या पुस्तकांत बोलीला मिळालेली जागा नीट पाहावी. ‘फकिरा’चे निवेदन प्रमाण मराठीच्या जवळ आहे. ‘बनगरवाडी’तला शिक्षक आपली कथा प्रमाण भाषेत सांगतो आणि गावकरी आपल्या भाषेत बोलतात. पात्राने बोलीत बोलायचे आणि लेखकाने प्रमाणात सांगायचे, ही वाटणी ग्रामीण साहित्यात इतकी रुळली, की १९७१ मध्ये ‘गोतावळा’त आनंद यादवांनी गड्याच्या तोंडून सबंध कादंबरी बोलीत सांगितली तेव्हा ते धाडस ठरले. दूरचित्रवाणीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि ‘लागिरं झालं जी’ या मालिकांनी कोल्हापूर-साताऱ्याची भाषा घरोघर नेली आणि त्यामुळे तिची लाज थोडी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण तिथेही ती प्रेम, भांडण आणि विनोद यांचीच भाषा राहिली. विचार मांडण्याची, शास्त्र समजावण्याची, न्याय मागण्याची झाली नाही. ज्या भाषेत फक्त भावना मांडता येतात असे मानले जाते, ती भाषा तिचे लोकच वयात येताना मागे टाकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोली म्हणून जिचा गौरव करता, ती गावात एक कधीच नव्हती. उंबऱ्यागणिक आणि जातीगणिक तिचे रूप बदलत होते आणि तोंड उघडताच जात कळत होती. मग दलित, भटक्या, बलुतेदार घरातल्या मुलाने प्रमाण मराठी आत्मसात करून ती खूण पुसली, तर तो तोटा कसा? या प्रश्नाला टाळून बोलीवर एकही ओळ लिहिता कामा नये. उत्तर असे, की तो तोटा नाही, ते त्याचे संरक्षण आहे आणि त्यावर त्याचा पूर्ण हक्क आहे. पण त्याला संरक्षणाची गरज का पडली हे विसरता येत नाही. उच्चारावरून माणूस जोखणारा समाज जागेवर असेल, तर एक खूण पुसली तरी तो दुसरी शोधतो. ‘पानी’ गेले तर तो हेल पकडतो, हेल गेला तर आडनाव विचारतो. म्हणून बोलणाऱ्याची भाषा बदलून हा प्रश्न सुटत नाही. ऐकणाऱ्याचा कान बदलावा लागतो. आणि कान बदलायचा तर ‘न’ आणि ‘ण’ यांत शुद्ध-अशुद्ध असे काही नसून फक्त इथली आणि तिथली रीत आहे, हे ज्यांना कधीच तांबडी खूण मिळाली नाही अशा मुलांनाही शिकवले पाहिजे.

तिसरा आक्षेप सौम्य आणि सर्वांत लोकप्रिय आहे: भाषा बदलतच असते, बदलू द्या. बदलते हे खरे आहे, आणि प्रमाण मराठीही बदलली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानावरचे व्युत्पत्तीचे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी काढून टाकले, १९७२ मध्ये आणखी नियमांची भर पडली, आणि एके काळी फक्त बोलण्यातली मानली गेलेली ‘केलं’, ‘असं’ ही रूपे आज छापून येतात. म्हणजे बोलण्यातले रूप वर चढून प्रमाणात बसू शकते, याला नजीर आहे. पण ज्या बोलण्यातले रूप वर चढले ते पुणे-मुंबईच्या शिष्ट घरांतले होते. ‘आमास्नी’ आणि ‘बघाय’ यांना ती शिडी कधीच मिळाली नाही. बदलाची वाट सर्वांना सारखी खुली असती, तर बदलू द्या हे म्हणणे न्याय्य झाले असते. एका बाजूचे बदल विकास म्हणून नोंदले जातात आणि दुसऱ्या बाजूचे चुका म्हणून पुसले जातात, तेव्हा त्याला निसर्गाचा नियम म्हणता येत नाही.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. स्पर्धा परीक्षा, न्यायालय, वृत्तपत्र, विद्यापीठ हे सारे प्रमाण मराठीत चालते. मुलांना बोलीत रमवून त्यांची वाट अडवायची का? अजिबात नाही. प्रमाण मराठी बहुजनांच्या मुलांना पूर्ण, सफाईने आणि हक्काने आली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती शिकवण्यात कसूर करणे हाच त्यांच्यावर नवा अन्याय होईल. पण नवे शिकण्यासाठी जुने टाकावे लागते, हे गृहीत कशावरून धरले? इस्लामपूरचा प्राध्यापक वर्गात एक मराठी आणि घरी दुसरी बोलतो, आणि त्याला त्यात काही कष्ट पडत नाहीत. दोन मराठी एका माणसात नांदू शकतात याचा हा रोजचा पुरावा आहे. ‘घरी आपण त्यास्नी म्हणतो, पुस्तकात त्यांना असे लिहितात’ असे सांगणारे गुरुजी मुलाला व्याकरणही शिकवतात आणि आईचा मानही राखतात. तुलनेने शिकलेले रूप अधिक पक्के बसते, कारण मुलाला दोन्हींतला फरक कळलेला असतो. आज इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावांत पोहोचल्या आहेत, आणि तिथल्या मुलांकडून बोली व प्रमाण मराठी दोन्ही एकदमच दूर जाऊ लागल्या आहेत. अशा वेळी बोलीला प्रमाणाची शत्रू मानणे म्हणजे मराठीचा पायाच आपण उकरणे आहे. घरची मराठी बोलायला लाजणारे मूल पुस्तकातल्या मराठीवरही फार काळ प्रेम करत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा जुन्या मराठीच्या पुराव्यावर मिळाला, आणि त्या जुन्या मराठीतली ‘म्या’, ‘त्वा’, ‘गा’ ही रूपे ताम्रपट आणि पोथ्यांच्या बाहेर जिवंत राहिली ती अशाच नाव नसलेल्या बोलींत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन खेड्यापाड्यांतली माणसे बोलती केली आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून सर्वांना खुले केले, हे मोठे काम आहे. पण ध्वनिमुद्रणाने बोलीची नोंद राहते, बोली राहत नाही. ती राहायची तर तालुक्यातालुक्यात लोकांनी स्वतः आपल्या बोलण्याचे नियम शोधले, मांडले आणि शाळेत नेले पाहिजेत. या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाला माझी विनंती एवढीच आहे, की शब्दांची यादी करून थांबू नये. कोणती लकब कोणी, कोणासमोर, कोणत्या वयात सोडली आणि का सोडली, हे विचारावे. त्या उत्तरांतून वाळव्या-शिराळ्याच्या बोलीचा इतिहास तर मिळेलच, पण आपण एकमेकांना आजवर काय म्हणून ऐकत आलो याचाही हिशेब मिळेल. बोलीला आधी लाजेतून मोकळे केले, तर प्रमाण मराठीकडे जाणारी वाट तिच्यासाठी विसर्जनाची उरणार नाही. ती दुतर्फा होईल, आणि त्या वाटेने ‘आमास्नी’ आणि ‘बघाय’ हेही कधी काळी छापील पानापर्यंत पोहोचू शकतील.